आबांची दुनळी

बंदुकीचा परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की परवाना संपतो आणि कपाटातली बंदूक त्याच दिवशी विनापरवाना होते. आबा गेल्यावर घरात दिवसकार्य चालू होतं, तेव्हाच दादाने ती कोल्हापुरातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे नेऊन रीतसर जमा केली. शस्त्र कायदा 1959, कलम 21 प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यातही ठेवता आली असती. पण ठाण्यातून ती कशी परत येते हे आम्हाला माहीत होतं. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की बंदूक जमा आणि निकाल लागले की परत. एकदा ती परत आली ती दस्त्यावर बोटभर लांब ओरखडा आणि डाव्या नळीत तांबूस गंज घेऊनच. आबा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पोतं अंथरून, गजाला चिंधी गुंडाळून ते दुपारपर्यंत नळी घासत बसले होते.

बंदूक मूळची आजोबांची. बारा बोअरची, बर्मिंगहॅमला घडलेली, मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून घेतलेली. काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालयाला लागून ती इमारत अजून उभी आहे. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर दुकानाचं नाव इतक्या बारीक अक्षरांत कोरलंय की उजेडाकडे तिरकं धरल्याशिवाय वाचता येत नाही. आमचं गाव राधानगरीकडचं. उसात रानडुकरं घुसायची, त्यामुळे आजोबांच्या काळात तिला काम होतं. 1958 मध्ये दाजीपूरचं अभयारण्य झालं, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि मग ती खंडेनवमीलाच बाहेर निघायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, की पुन्हा कपाटात. मी तिचा आवाज कधीच ऐकला नाही.

विकायची म्हटल्यावर आत्याचा जीव कासावीस झाला. घराण्याची वस्तू, ती विकायची कशी? तिचं दुःख मला समजत होतं. पण ठेवणार कोण? दादाची मुलं पुण्यात, दोघांनाही परवाना नको. चुलतभावाने आनंदाने घेतली असती, पण त्याच्याकडे आधीच दोन हत्यारं. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि वारसाहक्काने आलेली बंदूकही त्या दोनातच धरतात. लंडनच्या लिलावाचं कुणीतरी सुचवलं. पण शंभरी गाठलेली वस्तू पुरावस्तू कायद्यात जाते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

आणि नुसती जमा करून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे, हे मला मनापासून सांगायचंय. त्याच कलम 21 मध्ये पुढे लिहिलंय की ठरलेल्या मुदतीत वारसाने बंदूक परत घेतली नाही किंवा पात्र माणसाला विकली नाही, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती सरकारजमा होते. कितीतरी घरांत पोचपावती देवघरातल्या डब्यात असते आणि 'आमची बंदूक ठाण्यात आहे' या भरवशावर वर्षं जातात. त्या पावतीवरची तारीख आजच बघा.

विक्रेत्याने पहिला भाव सांगितला तो कुठल्याही जुन्या डबल बारलचा. दादा तयार झाला होता. मी म्हटलं, आधी नळ्या उतरवून बघू. पुढचा लाकडी भाग काढला, खटका सरकवून बंदूक बिजागरीवर वाकवून उघडली, नळ्या हातात आल्या. त्यांच्या पोटाकडच्या सपाट जागेवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्या दाब देऊन तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे होते. मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही आणि मुकुटाखाली एनपी. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. बिनधुराच्या दारूचा दाब देऊन नळ्या तपासल्याची ती खूण. नळ्यांवर, खटक्याच्या भागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर एकच क्रमांक, म्हणजे कुठलाही भाग बदललेला नाही. सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणं 1980 च्या दशकापासून बंद आहे. देशात ज्या विलायती बंदुका आहेत त्याच काय त्या, म्हणून अशा धड राहिलेल्या बंदुकीला कदर करणारं गिऱ्हाईक मिळतं. दस्त्यावर नवं पॉलिश मारून द्यायची तयारी विक्रेत्याने दाखवली. मी नको म्हटलं. मूळ पॉलिश गेलं की निम्मी किंमत तिथेच जाते, असं आबा म्हणायचे.

घेणारे गृहस्थ आजऱ्याचे. परवान्यावर एक जागा रिकामी होती. त्यांनी नक्षीकडे पाहिलंच नाही. आधी दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरून आरपार बघितलं, मग नळ्या बसवून बिजागरीला हाताने हिसका दिला. कुठे ढिली नाही. "ताई, ही कोणीतरी पोटच्या पोरासारखी सांभाळलीय," एवढंच म्हणाले. भाव ठरायला मग वेळ लागला नाही.

कागदपत्रांना मात्र लागला. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, सगळ्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं, विक्रेत्याला विक्रीचा अधिकार देणारं पत्र, घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद. आत्यानेही सही केली. आबा हयात असताना त्यांनीच विकली असती तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला खरेदीदाराचं नाव लेखी कळवून 45 दिवस थांबायचं, इतकंच. घरात वयस्क परवानाधारक असेल तर त्यांच्याशी हा विषय काढायला संकोचू नका. आम्हाला तो कधी काढता आला नाही, आणि आबांनाही काहीतरी सांगायचं असणार.

बंदुकीबरोबर आबांचा सफाईचा गज, तेलाची कुपी आणि आजोबांचं जुनं परवाना पुस्तकही आजऱ्याच्या गृहस्थांना दिलं. ते कागद बंदुकीपाशीच असावेत. आत्याने एकच अट घातली, खंडेनवमीला हार चुकवायचा नाही. त्यांच्या घरी ही पूजा होतेच म्हणे.

अर्जाचे आणि प्रतिज्ञापत्रांचे मसुदे माझ्याकडे आहेत. ज्यांना लागतील त्यांनी कळवावं.