डॉक्टरांच्या संघटनेत पर्यावरणाचा ठराव: माझा अनुभव

मी भूलतज्ज्ञ आहे. अमळनेर परिसरातल्या वेगवेगळ्या दवाखान्यांत भूल द्यायला जाते. आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या संघटनेची सचिव झाले, तेव्हा पर्यावरणाचा ठराव मांडायचा हे मनाशी पक्कं होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, उष्माघाताचे रुग्ण आमच्याच दारात येतात, आणि पृथ्वी तापवणाऱ्या वायूंपैकी काही मी स्वतः ऑपरेशन थिएटरमध्ये वापरते.

कार्यकारिणीत पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, बायोमेडिकल कचऱ्याचे नियम आपण पाळतोच की. अजून काय?" २०१६च्या नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी करणं आणि ४८ तासांच्या आत कचरा उचलला जाणं, हे कायद्याने करावंच लागतं. मला आमच्या सभा, आमची परिषद आणि आम्ही एकमेकांना काय शिकवतो, याबद्दल बोलायचं होतं.

फ्लेक्स आणि पाण्याच्या बाटल्या बंद करायला फारसा विरोध झाला नाही. प्रायोजक औषध कंपन्यांची नावं पडद्यावर दाखवायची ठरली आणि साल न घालता एक कापडी फलक रंगवून घेतला. सन्मानचिन्हांवरून मात्र बरीच वादावादी झाली. वक्त्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, ही ज्येष्ठांची भावना मला समजत होती. शेवटी रावेरची केळी द्यायची, यावर सगळे राजी झाले.

परिषद उन्हाळ्यातून उचलून डिसेंबरमध्ये नेली, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. एसीची गरज उरली नाही, भरीताची वांगी ऐन हंगामात, आणि जेवण केळीच्या पानावर. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गामुळे नंदुरबार, दोंडाईचा, धरणगावचे सदस्य गाडीने आले. एकेकट्याने कार काढण्याची सवय मोडायला त्यांना पुन्हा पुन्हा फोन करावे लागले. सभागृहाचे काका पंगत उठल्यावर म्हणाले, "ताई, आते बाटल्या उचलाना ताप ऱ्हायना नही." मला फार बरं वाटलं.

पण बाटल्यांवर थांबणं मला मान्य नव्हतं. भुलीत वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो आणि शंभर वर्षांहून अधिक काळ हवेत टिकतो. स्कॉटलंडमधल्या रुग्णालयांनी हिशेब लावला, तेव्हा विकत घेतलेल्या नायट्रसचा मोठा भाग रुग्णापर्यंत न पोचताच गळून गेल्याचं दिसलं. म्हणून संघटनेच्या शैक्षणिक सभेत मी हाच विषय घेतला. सिलिंडरचा व्हॉल्व्ह काम संपल्यावर बंद करा, जोडण्यांची गळती तपासा, ऑक्सिजन आणि हवेवर भागत असेल तिथे नायट्रस देऊच नका. कमी प्रवाहावर भूल देण्याबद्दल मी आग्रह धरला नाही. त्यासाठी श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडालाइम चांगला हवा आणि वायूंचं प्रमाण दाखवणारा मॉनिटर हवा. तो प्रत्येक छोट्या दवाखान्यात नाही, आणि रुग्णाची सुरक्षितता कशासाठीही पणाला लावता येत नाही.

छातीरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी दम्याच्या पंपांचा, म्हणजे इनहेलरचा मुद्दा जोडला. फवारा मारणाऱ्या पंपात तापमान वाढवणारा वायू असतो, कॅप्सूल फोडून ओढायच्या कोरड्या पावडरीत नसतो. ज्याला जोरात श्वास ओढता येतो त्याला पावडर चालते. लहान मुलांना आणि खूप दम लागलेल्यांना स्पेसरसह (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यासह) पंपच द्यायचा. ही वाक्यं आम्ही ठरावात जशीच्या तशी घातली, कारण पर्यावरणाच्या नावाखाली कुणाचं औषध बदललं जावं असं आम्हा कुणालाच वाटत नव्हतं.

वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर झाला, एका दुरुस्तीसह: दरवर्षी खजिनदारांच्या ताळेबंदासोबत वीज, छपाई आणि प्रवासाचाही हिशेब मांडायचा. ही सूचना साक्रीच्या एका तरुण सदस्याची. ठरावातला सगळ्यात कामाचा भाग मी तोच मानते.

आता छतावरच्या सोलरचा विषय घेतला आहे. भुसावळजवळ दीपनगरला विजेसाठी कोळसा जळतो आणि आमच्या डोक्यावर वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन असतं. शहादा-तळोद्याचे बरेच सदस्य भाड्याच्या इमारतीत दवाखाना चालवतात. घरमालकाशी करार कसा करायचा, यावर पुढच्या सभेत एका वकिलांना बोलावलं आहे.