नवीन कुटुंब धर्मग्रामात टिकतं कशामुळे?

वसईतल्या इतर धर्मग्रामांची (एकेका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाची, म्हणजे पॅरिशची) मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "आमच्याकडे बिल्डिंगमधली नवीन कुटुंबं चार-सहा रविवार मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येतात आणि मग दिसेनाशी होतात. तुमच्याकडे ती टिकतात कशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दारात उभं राहून स्वागत, सणाला चहापान, हे आम्हीही करतो आणि करावंच. पण माणूस टिकतो तो त्याच्यावर काहीतरी सोपवल्यावर, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडचे जुने धर्मग्राम आळ्यांवर उभे आहेत. कुपारी असोत, वाडवळ असोत की कोळी, आळीत कुणी अंथरुणाला खिळलं तर फादरांच्या आधी शेजारीण पेज घेऊन हजर असते. नंतर इमारती झाल्या. मुंबईतून गोव्याची, मंगळूरची, केरळची माणसं राहायला आली, झारखंडहून घरकामाला मुली आल्या. त्यांना आळी नाही. धर्मग्रामाशी त्यांची पहिली गाठ पडते ती ऑफिसात, बाप्तिस्म्याच्या नाहीतर लग्नाच्या कागदासाठी, आणि तीही विरार लोकल पकडायच्या वेळेला. तिथे प्रश्न येतो, "तुमचं नाव आहे का आमच्याकडे?"

हा प्रश्न मला फार लागतो. कॅथलिक चर्चच्या कायद्यांचं पुस्तक म्हणजे 1983 ची धर्मसंहिता; तिच्यातलं कलम 518 सांगतं की धर्मग्राम हा साधारणपणे हद्दीचा असतो. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक भाविक त्यातला. म्हणजे सामान उतरवलं त्या दिवसापासून ते कुटुंब आपलंच. नावनोंदणी आपल्या सोयीसाठी. आणि कलम 529 धर्मगुरूंना सांगतं की घरोघर जा. गरीब, दुःखी, एकाकी आणि आपल्या मुलखापासून दूर पडलेल्यांना शोधून काढा. शोधून काढा! ते येतील तेव्हा बघू, असं नाही. अर्थात चार-पाच हजारांच्या धर्मग्रामात एकट्या फादरांनी किती जिने चढायचे?

उत्तर बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. भाषेवरून कुरबूर, तीही अगदी पहिल्या ख्रिस्तसभेत. तेव्हा सात जण निवडले गेले. त्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची हेळसांड होत होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं.

आम्ही तेच केलं. एका मोठ्या कॉम्प्लेक्समधल्या आजाऱ्यांची यादी करायचं काम तिथल्याच एका निवृत्त नर्सबाईंना दिलं. त्या मंगळूरच्या, मराठी बेताचीच. आमच्या जुन्या यादीत त्या कॉम्प्लेक्समधली दोनच घरं होती. बाईंनी वॉचमनला विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, आणि जिना उतरता येत नाही म्हणून कित्येक वर्षं मिस्सा न मिळालेली म्हातारी माणसं सापडली. आता परवानगी मिळालेले प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले साधे भाविक, दर रविवारी त्यांच्याकडे कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊन जातात. एका घरी मी सोबत गेले होते. आजींनी शिवणमशीनवर पांढरं कापड अंथरून क्रूस आणि मेणबत्ती ठेवली होती, केस विंचरून, चांगला झगा घालून त्या सकाळपासून बसल्या होत्या. प्रार्थना झाल्यावर त्यांनी आमच्याकडून त्या दिवसाचं शुभवर्तमान पुन्हा वाचून घेतलं, कोंकणी येत नाही तर मराठीत चालेल म्हणाल्या.

मयताचंही तसंच. आळीत खांदे द्यायला माणसं कमी पडत नाहीत. फ्लॅटमधल्या मयताला कधीकधी शववाहिकेचा ड्रायव्हर हात लावतो, हे मी पाहिलं आहे. पोर्तुगीज काळात वसईच्या किल्ल्यात मिझेरिकॉर्डिया होती, 1498 साली लिस्बनला सुरू झालेल्या दयाकार्याच्या संस्थेच्या धर्तीवरची. मृतांना मूठमाती देणं हे त्यांच्या कामांतलं एक. आज त्यासाठी एक फोन नंबर आणि मोटारसायकलवाली दहा मुलं पुरतात. जुन्या आळीतली निम्मी आणि बिल्डिंगमधली निम्मी घ्या; कबर खणता खणता त्यांची जी ओळख होते ती कुठल्या स्नेहसंमेलनात होत नाही.

झारखंडच्या मुलींसाठी मात्र आम्ही अजून कमी पडतो. त्यांना सुट्टी मिळते रविवारी दुपारी, म्हणून हिंदी मिस्सा चार वाजता ठेवली. गर्दी होते, गाणी त्याच म्हणतात. धर्मग्राम परिषदेत त्यांच्यातल्या दोघी असाव्यात असं मी सुचवलं आहे. परिषद भरते शुक्रवारी रात्री, तेव्हा त्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात असतात. बैठक रविवारी, मिस्सा सुटल्यावर पाच वाजता घ्या, एवढंच आता फादरांकडे मागणं आहे.