ठोंब्याची शी, चिंगीचं वजन आणि एक वही

आमचा बोका ठोंब्या लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शीसाठी ठेवलेल्या खड्यांच्या डब्यात, बसायचा, कुंथायचा आणि अर्ध्यावरच उठून पळत सुटायचा. त्याच्या मागे फरशीभर पिवळट, शेंबडासारखे थेंब. कधी त्यात रक्ताची लाल रेघ. पळून तो सोफ्याखाली जायचा आणि मागचा भाग चाटत बसायचा. चाटून चाटून तिथली कातडी लालबुंद झाली होती.

ठोंब्या आणि चिंगी ही भावंडं प्राण्यांच्या निवाऱ्यातून घरी आणली तेव्हा पाच महिन्यांची होती. जंताचं औषध दिलंय, लस झालीय, असं कागदावर लिहिलेलं होतं. पहिल्याच दिवशी शी पातळ झाली. जागा बदलली, माणसं बदलली, घाबरलीत, होईल ठीक, असं मी धरून चालले. तसं होतंही. नव्या घरात आलेल्या मांजराचं पोट ताणामुळे दोन-चार दिवस बिघडू शकतं. पण आमचा दुसरा आठवडा उजाडला आणि घरभर तो वास तसाच होता. ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायला नको.

मग मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी खाणं बदलत सुटले. एक ब्रँड दोन दिवस, दुसरा तीन दिवस, मग ओलं खाणं, मग नुसतं उकडलेलं चिकन. तीन आठवड्यांत चार वेळा. मांजराचं खाणं बदलायचं तर सात ते दहा दिवस घ्यावेत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जावं. मी केलेल्या उलथापालथीने आधीच चिडलेलं आतडं आणखी चिडलं असणार. शिवाय कशाने काय झालं हे कळायचा मार्गच बंद झाला. चौथ्यांदा बदललं त्या रात्री दोन वाजता मी ठोंब्याला मांडीवर घेऊन कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्याचा मागचा भाग पुसत होते. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. तो ओरडला नाही. त्याने माझ्या मनगटावर दात टेकवले, दाबले नाहीत, आणि तसाच थांबून राहिला. त्या रात्री मी वही काढली.

वहीत रोज एवढंच लिहायचं ठरवलं: कोण, किती वाजता, किती वेळा, कशी. घट्ट, मऊ, शेणासारखी की पाणी. चिकट पदार्थ आहे का, रक्त आहे का. उलटी झाली का. खाल्लं किती. आणि दर सकाळी खाण्याआधी वजन. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक टोपली ठेवली. चिंगी आपणहून त्यात उडी मारून बसायची, ठोंब्याला मात्र धरावं लागायचं.

पहिल्या डॉक्टरांनी शी तपासून घेतली होती. जंतांची अंडी नव्हती. त्यांनी सात दिवस मेट्रोनिडाझोल दिलं. औषध जहाल कडू, दोघांच्याही तोंडाला फेस यायचा. पण चौथ्या दिवशी शी घट्ट झाली आणि मी आनंदाने रडले. औषध संपल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा तेच. ‘पुन्हा तोच कोर्स करा’ असं सांगण्यात आलं. मला ते पटेना, म्हणून मी वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी वही पूर्ण वाचली. सगळी पानं. मग म्हणाल्या, “वजन वाढतंय, खेळतायत, भूक आहे. शी थोडी थोडी, पण दिवसातून सात-आठ वेळा, चिकट, कुंथून, ताज्या रक्तासह. हे मोठ्या आतड्याचं दुखणं दिसतंय.” लहान आतडं बिघडलं की शी एका वेळी भरपूर होते आणि मांजर वाळत जातं. हा फरक मला तोवर कुणी सांगितला नव्हता. चिंगीचं वजन तीन आठवड्यांत 1 किलो 700 ग्रॅमवरून दोन किलोच्या वर गेलं होतं. ते आकडे मी नुसते मनाच्या समाधानासाठी लिहीत होते.

त्यांनी पुढे विचारलं, “नमुना कसा आणला होता?” मी सांगितलं, रात्रीची शी डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी नेली. त्यांनी मान हलवली. जंतांच्या अंड्यांसाठी तसा नमुना चालतो. त्यांना ज्याचा संशय होता तो ट्रायट्रायकोमोनस नावाचा एकपेशीय परजीवी थंडीत मरतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखायचा तर जिवंत लागतो. नमुना अगदी ताजा हवा, कोरडा पडलेला नको, त्याला लिटरचे खडे चिकटलेले नकोत. ठोंब्याने क्लिनिकच्या टेबलावरच ती सोय करून दिली.

मला त्यांनी भिंगातून बघू दिलं. नासपतीच्या आकाराचे पारदर्शक ठिपके झटके देत पुढे सरकत होते. जिआर्डिया हा आतड्यातला दुसरा एकपेशीय परजीवी असता तर तो झाडावरून पान गळावं तसा गिरक्या घेत हलतो, त्या म्हणाल्या. दोघांची गल्लत होते, म्हणून त्यांनी पीसीआर चाचणीही केली. तीही पॉझिटिव्ह आली. निवारे, ब्रीडरची घरं, जिथे बरीच मांजरं एकच लिटर बॉक्स वापरतात, तिथे ही लागण पसरते आणि जास्त करून वर्षाच्या आतल्या पिल्लांना त्रास देते. जंताच्या नेहमीच्या औषधाने तो जात नाही. मेट्रोनिडाझोलने शी काही दिवस सुधारते, परजीवी मात्र आत राहतो. आमच्या वहीतले ते पाच दिवस म्हणजे नेमकं हेच.

यावरचं औषध रोनिडाझोल. आम्हाला ते 14 दिवस, दिवसातून एकदा, कॅप्सूलमधून दिलं गेलं. चिंगीला लक्षणं कमी होती, तरी दोघांनाही एकदमच, नाहीतर एकाची लागण दुसऱ्याला पुन्हा. हे औषध डॉक्टरांनी वजन बघून मोजून दिल्याशिवाय देऊ नये, कारण ते मज्जासंस्थेवर परिणाम करू शकतं. चाल अडखळली, थरथर सुटली, भूक गेली तर लगेच थांबवून फोन करायचा. कॅप्सूल हाताळताना हातमोजे. मी रोज संध्याकाळी दोघांना सोफ्याच्या पाठीवरून चालायला लावायचे आणि पाय कुठे पडतात ते बघत बसायचे. चौदाही दिवस दोघं सरळ चालली.

दोन लिटर बॉक्सचे तीन केले, दिवसातून दोनदा साफ. ट्रायट्रायकोमोनस कोरड्या जागी टिकत नाही, एवढा दिलासा होता. जिआर्डिया असता तर त्याच्या पुटी, म्हणजे कवचातली अवस्था, ओल्या जागी आठवडे तग धरतात, मग पलंगाची चादरही उकळावी लागली असती.

आमची मांजरं आजारात खेळत होती, म्हणून मला वही लिहायला वेळ मिळाला. तुमचं पिल्लू जुलाबाबरोबर उलट्या करत असेल, खात नसेल, कोपऱ्यात मलूल पडून असेल, तर वही राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार असू शकतो आणि त्यात तास महत्त्वाचे असतात. हिरड्यांना बोट लावून बघा. ओलसर गुळगुळीत लागण्याऐवजी चिकट लागल्या तर अंगातलं पाणी कमी झालंय. मोठ्या मांजरालाही दोन-तीन दिवस उपाशी राहू देऊ नका, यकृतात चरबी साठते. आणि माणसांची औषधं अजिबात नकोत. पॅरासिटामोलने मांजर मरतं.

उपचार संपल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी केली. निगेटिव्ह. हा परजीवी परत डोकं वर काढू शकतो, म्हणून वही चालू आहे.

त्यातली एक नोंद इथे देते. औषधाचा अकरावा दिवस, सकाळी 6:40. ठोंब्या बॉक्समध्ये गेला, बसला, शी केली. घट्ट. उठला, पण पळाला नाही. वळून वास घेतला आणि पुढच्या दोन्ही पंजांनी लिटर ओढून ती झाकली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मग पुन्हा वास घेतला, पुन्हा थोडं ओढलं.