कटरची मोटर, तिसऱ्यांदा

मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या तारा उपसून नवी कॉइल बसवायचं काम मी सव्वीस वर्षं करतोय. कराडच्या आसपास हे काम म्हणजे मुख्यतः विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटरी. जानेवारीनंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसते, कारण पिकाला पाणी थांबलेलं असतं आणि प्रत्येकाला कालच मोटर हवी असते. सुताराच्या कटरची, म्हणजे फळ्या कापायच्या मशीनची मोटर वर्षाकाठी चार-पाच वेळा येते. गेल्या फेब्रुवारीत आलेली अशीच एक मोटर अजून डोक्यातून जात नाही.

जवळच्या गावातला एक तरुण सुतार ती दुचाकीवर बांधून घेऊन आला. सिंगल फेज, दोन एचपी. लोखंडी टेबल आणि बारा इंची पात्यासकट सगळं मशीन त्यानं जुनं घेतलेलं, अठरा हजाराला. "काका, दोनदा भरून झाली ही, दोन वेगळ्या दुकानांत. परत घुमायला लागली बघा. कधी लागती, कधी नुसती हूं करती."

हूं करणारी सिंगल फेज मोटर बहुतेक वेळा मेलेली नसते. रनिंगच्या कॉइलला करंट मिळतो, पण तिला स्वतःहून सुरुवात करता येत नाही. पहिला धक्का द्यायला स्टार्टिंगची वेगळी कॉइल असते, तिच्या वाटेत कंडेन्सर आणि सेंट्रिफ्युगल स्विच. मोटर पाऊण वेगाला आली की शाफ्टवरची वजनं बाहेर पसरतात, स्विच उघडतो आणि स्टार्टिंगची कॉइल सुटते. त्या वेळी बारीक 'टक्' असा आवाज होतो. बंद केल्यावर वेग उतरताना पुन्हा एकदा 'टक्'. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी मीटर हातात देण्याआधी हा आवाज ऐकायला लावतो.

कव्हर उघडलं तर आत सागवानाचा बारीक भुसा आणि ग्रीस मिळून लगदा झालेला. स्विचचे पॉइंट काळे आणि खड्डे पडलेले. कंडेन्सरवर क्षमता 100 एमएफडी (मायक्रोफॅरड) छापलेली, मीटरवर भरली 58. दोष सापडला, म्हणून मी खूश झालो. पॉइंट घासून बसवले, कंडेन्सर नवा टाकला, मेगर लावून इन्सुलेशन तपासलं, टेबलावर मोटर सुरू केली. सेकंदाच्या आत टक्. रिकामी चालताना पाच अँपिअर. तो मोटर घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी परत आली. वार्निश जळाल्याचा वास दुकानाच्या दारातूनच आला. रनिंगची कॉइल पिवळीधमक, नव्यासारखी. स्टार्टिंगची तेवढी काळी पडलेली. म्हणजे स्विच उघडायला हवा होता तेव्हा उघडला नाही. ही कॉइल दोन-तीन सेकंदांसाठीच असते, त्यापुढे करंट राहिला की ती भाजून निघते.

मी जुन्या तारा उपसायला बसणारच होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि काका, लागली की शिट्टी मारती. लई जोरात."

बारा इंची पातं शिट्टी का मारेल? मी वायंडिंगकडे पुन्हा पाहिलं. दोन पोलची मोटर, म्हणजे मिनिटाला 2880 फेऱ्यांची. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. विचारलं मात्र नव्हतं, की हिच्या शाफ्टला पुली केवढी आहे.

दुकानातल्या एका धडक्या मोटरला पिशवीत घालून त्याच्या मागे बसून गेलो. मशीनवर मोटरकडची पुली सहा इंची, पात्याकडची तीन इंची. मूळ मशीनला 1440 ची मोटर असणार. तिथे ही जोडी बरोबर, पातं 2880 ने फिरतं. कुणीतरी मधेच 2880 ची मोटर लावली आणि पुल्या तशाच ठेवल्या. आता पातं 5760 ने पळायला बघत होतं. पात्यावर कमाल 5000 छापलेलं. त्या वेगाला दाताचं टोक ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जातं, आणि समोर हा पोरगा उघड्या हातांनी फळी ढकलणार.

वेग दुप्पट मागितला की सुरू होताना मोटरला पात्याचं ओझं चौपट होतं. आणलेली मोटर जोडली आणि वायरीला क्लॅम्प मीटर लावून करंट पाहिला. 42 अँपिअर, आणि काटा खाली यायला आठ सेकंद. त्यातच घरापासून शेडपर्यंत चाळीस मीटर वायर, दीड चौरस मिलिमीटरची. 228 व्होल्ट होते, सुरू करताना 187. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो, म्हणजे तिसरा हिस्सा तिथेच गेला. आठ सेकंद सेंट्रिफ्युगल स्विच उघडतच नव्हता, आणि दिवसातून तीस वेळा चालू-बंद.

बोर्डावर बत्तीस अँपिअरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. सोळाची वारंवार पडत होती म्हणून वायरमननं मोठी बसवून दिली होती. दीडच्या वायरवर बत्तीसची! एमसीबी पडते तेव्हा ती काहीतरी सांगत असते. तिचं तोंड बंद करून पैसे घेऊन जाणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

मोटरकडची पुली तीन इंची केली, लेथवर बोअर करून. पट्टा नवा, छोटा. वायर चारची टाकायला लावली, एमसीबी सोळाची. त्याच्या मोटरची स्टार्टिंग कॉइल मी भरली, फक्त तारेचे पैसे घेतले. बसवली त्या दिवशी दीड सेकंदात टक् ऐकू आला. दोन इंची सागवानाची फळी साडेनऊ अँपिअरवर कापली गेली आणि शिट्टी नाही.

मला खुपतं ते हे, की आधीच्या दोन दुकानांनी मोटर नीटच भरली होती. तारेचं गेज बरोबर, इन्सुलेशनचा पेपर चांगला, बांधणी घट्ट. मीही पहिल्या फेरीत त्यांच्याएवढंच केलं. मोटर मशीनपासून सोडवून आमच्या टेबलावर येते आणि टेबलावर ती निर्दोष चालते. तो शिट्टीचं बोलला नसता तर मी चौथी वेळ येईपर्यंत भरत राहिलो असतो. किंवा त्याआधीच पातं फुटलं असतं.

निघताना पाहिलं तर पात्यावरचा गार्ड नव्हता, फळी आवळू नये म्हणून पात्यामागे असते ती पट्टीही नव्हती. विकणाऱ्यानंच कापून काढलेली. पोरगा म्हणाला, "गार्ड असला की रेघ दिसत नाही काका." मी दोन्ही बसवायला सांगितलं. नंतर दोनदा फोन केला. "बसवतो," म्हणाला.

ती सहा इंची पुली मी मागून घेतली. भंगारात गेली असती तर परत कुणाच्या तरी कटरवर चढली असती. माझ्या टेबलाखाली पडून आहे. आता कटरची मोटर आली की कव्हर उघडण्याआधी मी पुलीचा फोटो मागतो.