थंड देशातली जास्वंद आणि ब्रह्मकमळ: कळीवर नजर ठेवा

आपल्याकडे अंगणातली जास्वंद बारा महिने फुलते, तिच्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही. इथे थंडीच्या देशात ती कुंडीत असते आणि वर्षातले कितीतरी महिने घरात काचेमागे काढते. कळी धरली म्हणजे फूल आलंच, असं इथे समजायचं नाही.

ब्रह्मकमळाचं जे पान वाटतं ते खरं तर चपटं खोड. त्याच्या कडेच्या खाचेतून कळी फुटते आणि उमलायला साधारण तीन आठवडे घेते. आधी ती खाली लोंबते, मग देठ वळून तोंड वर येतं. कळी टम्म फुगली आणि बाहेरच्या तांबूस पाकळ्या सैल झाल्या की बहुतेक त्याच रात्री फूल. अंधार पडल्यावर उमलू लागतं, उजाडेपर्यंत मान टाकतं. इथे उन्हाळ्यात अंधारच उशिरा पडतो, म्हणजे जागरण आलंच. कळ्या दिसल्यावर कुंडीची जागा बदलू नका. माती कडकडीत सुकली किंवा पाणी साचलं, तरी कळ्या गळतात. हिवाळ्यात मात्र लाड नकोत: १० ते १५ अंश तापमान, जेमतेम पाणी, खत बंद. हीटरजवळ उबेत ठेवलेलं झाड नुसतं लांबत जातं.

जास्वंदीची कळी न उमलता गळत असेल तर ती पांढऱ्या कागदावर फोडून झटका. बारीक, लांबट किडे वळवळले तर ते फुलकिडे. किडे नसतील तर पाणी तपासा: वरची दोन-तीन सेंटीमीटर माती सुकली की भरपूर द्यायचं, बशीत साचलेलं ओतून टाकायचं. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर पानं झकास, फुलं नाहीत. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून वसंताच्या सुरुवातीला फांद्या एक तृतीयांश छाटा. मोगऱ्यालाही हेच लागू.

रात्रीचं तापमान १२ अंशांच्या आसपास आलं की कुंड्या आत. त्याआधी पानांची खालची बाजू बघाच, कारण घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड झपाट्याने वाढते. आत आल्यावर थोडी पानं पिवळी पडतील. उजेड कमी झाल्याने तसं होतं, घाबरून पाणी वाढवू नका. वसंतात बाहेर काढताना पहिला आठवडा सावलीत ठेवा, एकदम उन्हात नेलं तर पानांवर पांढरट चट्टे पडतात.

चाफ्याची सगळी पानं झडली तरी तो मेलेला नसतो. त्या काळात पाणी जवळपास बंद, नाहीतर खोड बुडापासून कुजतं. बोटाने दाबून बघा: टणक असेल तर ठीक, मऊ लागलं तर कुजलेला भाग निरोगी पांढऱ्या गाभ्यापर्यंत कापून टाका.