आमची वाटचाल: झाकण्याआधी दाखवा

माझ्या टेबलाच्या खणात सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपचा, एक अर्धा इंची एल्बो (वळणाचा जोड) आहे. त्याच्या एका तोंडात सॉल्व्हंटचा, म्हणजे जोड चिकटवायच्या द्रावणाचा, पिवळा थर आहे, दुसरं तोंड कोरं आहे. नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी मी तो त्याच्या हातात देतो. आमच्या फर्मची 21 वर्षं झाली. त्यातला सगळ्यात वाईट महिना या एल्बोमुळे आला, आणि आज आमचं जे काही नाव आहे तेही त्यामुळेच आहे.

सुरुवात दोघांनी केली. मी सुपरवायझर, आणि माझे भागीदार प्लंबिंगचे कसलेले कारागीर. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, मीही. जुन्या घरांची दुरुस्ती, बाथरूम, किचन, भिंत काढून खोली मोठी करणं, अशी कामं घेत होतो. भांडवल म्हणजे मिस्त्रींची पिशवी: पाइप कटर, ओळंबा, पाणसळ, आणि त्यांनी जिवापाड जपलेला पाइपात दाबाने पाणी भरून गळती तपासायचा, हाताने मारायचा टेस्ट पंप. त्याचं दाब दाखवणारं गेज ते फडक्यात गुंडाळून वेगळं ठेवायचे. पंपाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

पहिली काही वर्षं नीट गेली. मग बाईंचं काम आलं.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. दोन बाथरूम, एक किचन आणि वायरिंग पूर्ण नवीन. परवानगी रीतसर काढलेली, तपासणीचे टप्पे ठरलेले. भिंतीतले पाइप आणि कंड्युट (वायरच्या नळ्या) झाकण्याआधी इन्स्पेक्टर येणार होते, पण तारीख आठ दिवस पुढे गेली. फरशीवाला म्हणाला, याच आठवड्यात मोकळा आहे, नंतर महिनाभर मिळणार नाही. मिस्त्री दुसऱ्या साइटवर होते. जाताना त्यांनी मला बजावलं होतं, "गेज लावल्याशिवाय फरशीवाल्याला आत घेऊ नका." मी घेतलं. निर्णय माझा होता, दुसऱ्या कुणाचा नाही.

इन्स्पेक्टर आले तेव्हा डॅडो, म्हणजे भिंतीवरच्या टाइल्स, पूर्ण झाला होता, जॉइंट भरले होते, बाथरूम लखलखत होतं. त्यांनी टाइल्सकडे पाहिलंसुद्धा नाही. "प्रेशर टेस्ट कोणी पाहिली?" एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "निदान आता लावून दाखवा." मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सगळ्या तोंडांना डमी (बुचं) लावल्या, लाइनमधली हवा काढली आणि पंप मारला. आमची लाइन 4 बार दाबावर चालणार होती, म्हणून टेस्ट दीडपट, 6 बारला. प्लास्टिकचा पाइप सुरुवातीला थोडा ताणतो, काटा किंचित उतरतो, म्हणून अर्ध्या तासाने परत 6 वर आणून मग मोजायला लागायचं. ते मोजायला लागले. वीस मिनिटांत काटा 4 वर. कुणीच बोललं नाही. मिस्त्री गेजकडे बघत राहिले, माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

कुठे गळतंय ते कळत नव्हतं, आणि कंड्युट, ड्रेनेजचा उतार हेही इन्स्पेक्टरांना बघायचं होतंच. शेरा लिहून गेले: झाकलेलं काम उघडून दाखवावं. दोन्ही बाथरूमच्या भिंती फोडल्या. बेसिनच्या मागे हा एल्बो सापडला. कामावरच्या मुलाने पाइप मापासाठी कोरडा बसवून बघितला होता आणि सॉल्व्हंट लावायचंच राहिलं. कोरडा एल्बोसुद्धा काही काळ पाणी धरून ठेवतो, त्यातच खरा धोका आहे. एक थेंब जमायचा, रेंगाळायचा आणि मग खाली पडायचा. तो थेंब मी छिन्नी हातात धरून बघत बसलो होतो. बाकी सगळे जॉइंट पक्के निघाले. उतारही बरोबर होता. पण एका जॉइंटने सगळं नेलं.

नुकसान आम्ही सोसलं. टाइल्स परत, मजुरी परत, बाईंच्या भाड्याच्या घराचे दोन महिने आमच्या खिशातून. मिस्त्री सहा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. फर्म बंद करायची की नाही, यावर आम्ही दोनदा बसलो.

आता याच काळात आमची कामं नेणाऱ्या एका माणसाबद्दल. नाव लिहीत नाही. तो आमच्याकडेच फॉल्स सीलिंगची कामं करायचा, आमच्याच ग्राहकांच्या ओळखीवर त्याने स्वतःची फर्म काढली. भिंती फोडल्याची बातमी त्याने घरोघर नेली. इन्स्पेक्शनमध्ये नापास झालेले, असं तो आमच्याबद्दल सांगत फिरला. आणि पुढे, "तपासणीचं टेन्शन माझ्यावर सोडा." त्या एका वाक्यावर आमची तीन ठरलेली कामं त्याच्याकडे गेली. अॅडव्हान्स घेतलेलं एक काम आम्हाला पैसे परत करून सोडावं लागलं. तो आमच्यापेक्षा स्वस्तही नव्हता. फक्त लवकर झाकायचा.

दीड वर्षाने त्या तिघांतलेच एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची हॉल आणि किचनमधली भिंत त्याने काढली होती. वरचं वजन त्या भिंतीवर होतं. इंजिनिअरचं डिझाइन नाही, नकाशावर तुळई नाही, फक्त एक आडवी सळ्यांची पट्टी ओतून वर पीओपी मारलेलं. अंतिम तपासणीत ते अडकलं. आम्ही आधी खाली प्रॉप लावून वजन उचललं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं, पीओपी काढलं. सळई थेट शटरिंगवर (साच्याच्या फळ्यांवर) ठेवून ओतली होती, सळई फळीपासून वर उचलून धरणारा कव्हर ब्लॉक एकही नाही, खालून सळई डोळ्यांनी दिसत होती. मिस्त्रींनी नखाने खरवडलं तर गंज हाताला लागला. डिझाइनप्रमाणे तुळई केली, प्रत्येक टप्पा उघडा ठेवून दाखवला, सर्टिफिकेट मिळालं. त्या गृहस्थांनी आमचे आभार मानले. पण आजही चार लोकांत विचारलं, तर तो फास्ट आणि आम्ही स्लो. हे मला लागतं. अजून लागतं.

बाई मात्र हलल्या नाहीत. भिंती फोडल्या त्या दिवशी मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा होतो. त्यांनी विचारलं, "दादा, फोडलेलं परत लावता येतं. तो पाइप परत गळणार नाही, एवढं मला सांगा." आणि दुसऱ्या दिवशी एक वही घेऊन आल्या. शंभर पानी, रेघांची. म्हणाल्या, यापुढे माझ्या घरात जे झाकाल ते आधी यात लिहायचं, तारीख टाकायची, सही करायची, मग झाका. पहिल्या पानावर त्यांनीच लिहिलं: "उत्तर बाथरूम, गरम पाण्याची लाइन, 6 बार, काटा हलला नाही." आमच्या प्रत्येक साइटवर आज जी वही असते, ती बाईंची वही.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली.

ज्यांच्या घरी काम चालू आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो, कुणी विचारल्या नसल्या तरी. मंजूर नकाशा साइटवरच ठेवा, कपाटात नाही, आणि काम नकाशापेक्षा बदललं असेल तर इन्स्पेक्टर यायच्या आधी तो बदल मंजूर करून घ्या. तारखा उलट्या मोजा: आधी तपासणीचा दिवस, मग फरशीवाल्याचा. झाकण्याआधी फोटो काढा, आणि फोटोत मेजरिंग टेप धरा, नाहीतर तो फोटो वर्षभराने काही सांगत नाही. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला पाणी किमान 24 तास साठवा. पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी एका टबात तेवढंच पाणी ठेवून त्यालाही रेघ मारा. दोन्हीकडे सारखं उतरलं तर पाणी उडालं, खोलीतलं जास्त उतरलं तर गळतंय. मिस्त्रींची ही युक्ती मी अनेक इंजिनिअरना शिकवली आहे.

वायरिंगला 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, 1 मेगाओमच्या खाली आकडा येता कामा नये, आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, 30 मिलिअॅम्पिअरचा बसवा. त्याचं टेस्टचं बटण इन्स्पेक्टरांसमोर स्वतः दाबा. भिंतीत झिऱ्या (पाइप-वायरसाठी खाचा) मारताना कारागिराला मोकळं सोडू नका. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत, आडवी एक षष्ठांशाच्या आत. आडवी झिरी भिंतीला कापून काढते, हे किती जणांना सांगितलं तरी पटत नाही.

तपासणीच्या दिवशी शिडी, टॉर्च आणि प्रत्येक खोलीची किल्ली तयार ठेवा. खोली झाडून ठेवा. इन्स्पेक्टरांशी बोलायला एकच माणूस ठेवा, ज्याला काम माहीत आहे. वाद घालू नका, शेरा लेखी घ्या, तो कुठल्या नियमाखाली आहे ते नम्रपणे विचारा. ज्या इन्स्पेक्टरांनी आमच्या भिंती फोडायला लावल्या, त्यांचा मला राग नाही. तो एल्बो त्यांनी पकडला नसता, तर बाईंची भिंत ओली झाल्यावरच सापडला असता.

मिस्त्री आता रोज येत नाहीत, गुडघे दुखतात. टेस्ट पंप त्यांनी गेल्या वर्षी माझ्याकडे दिला, फडक्यासकट. मंगळवारी बाईंच्या भाच्याच्या घरी पाइपची तपासणी आहे. सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन गेज लावून ठेवणार आहोत, आणि रात्री तिथेच बसणार आहोत. बाईंनी नवी वही आधीच पाठवली आहे.