टीसीएल टाकलंय की साहेब!

पहाटे साडेचारला आशाताईंचा फोन, साहेब एका गल्लीत रात्रीपासून अकरा जणांना जुलाब. झोपेतच गाडी काढली. शाळेत सलाईन लावायला सुरुवात केली, सिस्टर घरोघरी ओआरएस घेऊन फिरल्या आणि मी आधी नळाकडे गेलो, कारण गॅस्ट्रोची साथ म्हटलं की पेशंटइतकीच पाण्याची नाडी बघावी लागते. ओटी टेस्ट केली (थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं) तर पाणी तसंच पांढरं, पिवळेपणाचा पत्ता नाही म्हणजे क्लोरीन शून्य. गावच्या पाण्यात औषध टाकणारा जलसुरक्षक म्हणतोय, "टाकलंय की साहेब टीसीएल!" टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. खोटं नव्हता बोलत बिचारा. पोतं बघितलं तर तोंड उघडं, दमट खोलीत पडलेलं, नाकाला वाससुद्धा येईना. चांगल्या पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, ही नुसती चुन्याची भुकटी राहिलेली. वर पाईप गटारातून गेलेला आणि तिथंच लिकेज.

२०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात डोक्याला टॉवेल बांधून बोटीतून डॉक्सीच्या (अँटिबायोटिक) गोळ्या वाटल्या होत्या, लेप्टोची म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती होती ना. तेव्हा फोटो आले पेपरात. आज गटारात वाकून लिकेज शोधलं त्याचा फोटो कुणी काढला नाही, बरंच झालं म्हणा, अवतार बघण्यासारखा नव्हता 😄

संध्याकाळी शेवटच्या नळाला ओटी पिवळी आली. एक आजी अजून सलाईनवर आहेत, चहा मागतायत. सकाळचा डबा आत्ता रात्री साडेनऊला उघडलाय, भाजी आंबलीय. उद्या सहाला परत तोच नळ.